शिल्पकाराची कीर्ती आणि परदेशी संग्राहक : म्हात्रे व बाकरे यांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : आधुनिक मराठी शिल्पकला, कलासंग्रह, कलाबाजार, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, दस्तऐवजीकरण

प्रस्तावना :

शहाड-उल्हासनगर परिसरातील अभ्यासकाला शिल्पकलेचा श्रेष्ठ नमुना पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शेजारीच आहे. तेथील शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखामुळे मंदिराचा काळ ठरला आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव इतिहासात कायम झाले. भिंतींवरील मूर्ती ज्या हातांनी घडल्या, त्या हातांची नावे मात्र लोकस्मृतीत राहिली नाहीत. तरीही त्या मूर्तींचे महत्त्व तसूभर कमी झालेले नाही. मध्ययुगीन शिल्पाला शिल्पकाराच्या नावाची गरज नव्हती. त्याला देवालयाचा आधार होता.

आधुनिक शिल्पाची स्थिती याच्या उलट आहे. ते देवालयापासून सुटले, स्वतंत्र वस्तू म्हणून विकले जाऊ लागले आणि त्याचे मोल कर्त्याच्या नावाशी बांधले गेले. हे नाव देशाबाहेरील संग्राहकांपर्यंत कसे पोहोचते, तेथे कसे वाढते, कसे बदलते आणि कधी कधी कसे पुसले जाते, हा प्रश्न कलेच्या इतिहासाइतकाच अर्थशास्त्र, विधी आणि समाजशास्त्र या विषयांच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात गणपतराव म्हात्रे आणि सदानंद बाकरे या दोन शिल्पकारांच्या आधारे या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. परदेशातील कीर्ती कलाकृतीच्या पाठोपाठ जाते असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात ती कलाकृतीच्या नोंदीच्या पाठोपाठ जाते आणि नोंद अपुरी असेल तर कीर्तीचे रूपच पालटते, हे या दोन उदाहरणांतून दिसून येते.

१. कीर्तीची साखळी :

चित्रकार आणि शिल्पकार यांच्या कीर्तीचा प्रवास सारखा नसतो. कॅनव्हास गुंडाळून नेता येतो. दगडाचे किंवा ब्राँझचे शिल्प हलविण्यासाठी पेटी, जहाज, विमा आणि मोठा खर्च लागतो. चित्र भिंतीवर लावता येते, तर शिल्पाला भोवती फिरण्याइतकी मोकळी जागा हवी असते. शिवाय ब्राँझ शिल्पासाठी प्रथम मातीकाम, नंतर साचा आणि त्यानंतर ओतकाम अशा पायऱ्या असतात व त्यांतील शेवटची पायरी खर्चिक असते. म्हणूनच अनेक शिल्पकारांचे उत्तम काम प्लॅस्टरमध्येच राहते. प्लॅस्टर ठिसूळ असल्याने परदेशी संग्राहक ते सहसा घेत नाही.

या कारणांमुळे शिल्पकाराची कीर्ती परदेशी पोहोचण्यासाठी मध्यस्थांची एक साखळी आवश्यक ठरते. कामाचे छायाचित्र, त्यावर लिहिणारा समीक्षक, ते मांडणारे कलादालन, विकत घेणारा पहिला संग्राहक, त्याच्याकडून ते मिळविणारे संग्रहालय आणि अखेरीस लिलावाची छापील सूची हे या साखळीतील प्रमुख दुवे होत. प्रत्येक दुवा काही नोंद मागे ठेवतो. कामाचे नाव, वर्ष, माध्यम, आकार, स्वाक्षरीचे स्थान आणि मालकीचा इतिहास या नोंदींवर पुढच्या संग्राहकाचा विश्वास उभा राहतो. दुवा तुटला की विश्वास डळमळतो आणि विश्वासाबरोबर किंमतही घसरते.

२. गणपतराव म्हात्रे : छायाचित्रातून पोहोचलेले नाव

गणपतराव म्हात्रे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी असताना, १८९६च्या सुमारास, ‘मंदिरपथगामिनी’ हे प्लॅस्टरमधील शिल्प घडविले. पूजेसाठी मंदिराकडे निघालेली, नऊवारी नेसलेली तरुण स्त्री हा त्याचा विषय. पाश्चात्त्य शारीर अभ्यास आणि मराठी वेशभूषा यांचा त्यात झालेला मेळ त्या काळी नवा होता. शिल्प मुंबईतच राहिले, परंतु त्याचे छायाचित्र लंडनला गेले. तेथे भारतीय कलाकौशल्याचे जाणकार म्हणून मान्यता असलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनी ते छायाचित्र पाहून शिल्पाची मुक्तकंठाने प्रशंसा केली. या प्रकरणाचे पडसाद बंगालपर्यंत उमटले आणि रवींद्रनाथ ठाकूर यांनीही म्हात्रे यांच्या शिल्पावर बंगालीत लेख लिहिला. विशीच्या आसपासच्या एका मराठी तरुणाचे नाव मूळ कलाकृती जागची न हलता ब्रिटनमध्ये चर्चेला आले, ही घटना लक्षणीय आहे.

या प्रशंसेमागील मापदंड कोणता होता, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. बर्डवुड यांनी १८८० साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय हस्तकौशल्याचा गौरव केला होता; भारतीय मूर्तिकलेला मात्र उच्च कलेचे स्थान देण्यास ते तयार नव्हते. म्हात्रे यांचे शिल्प त्यांना भावले, कारण ग्रीक शिल्पावर पोसलेल्या त्यांच्या दृष्टीला ते ओळखीचे वाटले. याच बर्डवुड यांनी १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये जावातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली. त्या उद्गारांचा जाहीर निषेध झाला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटीची स्थापना झाली.

पुढील काळात ई. बी. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनामुळे पाश्चात्त्य अभिरुचीत मोठा बदल घडला. कुमारस्वामी १९१७ साली बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात रुजू झाले आणि अमेरिकेत भारतीय कलेच्या संग्रहाला शास्त्रीय बैठक मिळाली. हा संग्रह प्राचीन व मध्ययुगीन मूर्तींचा, तसेच लघुचित्रांचा होता. कलाशाळेत शिकलेल्या शिल्पकाराचे यथार्थदर्शी काम या नव्या मापदंडात पाश्चात्त्यांचे अनुकरण ठरू लागले. ज्या गुणांमुळे म्हात्रे यांची वाहवा झाली होती, तेच गुण दोष म्हणून मोजले जाऊ लागले. शिल्प तेच होते, पाहणारी दृष्टी बदलली होती. म्हात्रे यांना स्वदेशात संस्थानिकांची आणि सार्वजनिक समित्यांची व्यक्तिशिल्पांची कामे मिळत राहिली. परदेशी संग्राहकांच्या जगात मात्र त्यांच्या नावाला स्थिर जागा मिळाली नाही. समीक्षकाचा दुवा मिळाला, परंतु कलादालन, संग्राहक आणि संग्रहालय हे पुढील दुवे जोडले गेले नाहीत, असे म्हणता येईल.

३. सदानंद बाकरे : मुंबई, लंडन आणि मुरूड-हर्णै

सदानंद बाकरे यांचा जन्म १९२० साली बडोद्यात झाला. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेतून त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण पूर्ण केले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी ते एक होत. फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौळाजी आरा आणि हरी अंबादास गाडे हे अन्य पाच जण चित्रकार होते. शिल्पकार एकटे बाकरे. गटाचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९मध्ये मुंबईत भरले आणि त्याचे उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले.

या गटाला परदेशी संग्राहक प्रथम भेटले ते मुंबईतच. नाझी राजवटीमुळे मध्य यूरोप सोडावा लागलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघे त्या काळी मुंबईत स्थायिक झाले होते. पहिल्याने तरुण चित्रकारांना यूरोपीय आधुनिक कलेची ओळख करून दिली, दुसऱ्याने वृत्तपत्रांतून समीक्षा लिहिली आणि तिसऱ्याने चित्रे विकत घेतली. मार्गदर्शक, समीक्षक आणि ग्राहक या तीन भूमिका अशा रीतीने एकाच शहरात एकत्र आल्या. नंतरच्या आंतरराष्ट्रीय कीर्तीची पायाभरणी मुंबईतील या छोट्या वर्तुळात झाली, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते.

१९४९ ते १९५१ या अवधीत गटातील तिघांनी देश सोडला. सूझा लंडनला, रझा पॅरिसला आणि बाकरे १९५१ साली लंडनला गेले. सूझा आणि बाकरे हे दोघेही एकाच शहरात राहिले, दोघांचीही कामे व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या ‘गॅलरी वन’मध्ये मांडली गेली. परंतु दोघांच्या कीर्तीचा आलेख वेगवेगळा झाला. १९५५ साली सूझा यांच्या प्रदर्शनाच्या सुमारास ‘एन्काउंटर’ मासिकाने त्यांचा आत्मपर निबंध छापला. जॉन बर्जर यांनी त्यांच्या प्रदर्शनावर लिहिले. १९५६ नंतर काही वर्षे हॅरॉल्ड कोव्हनर या अमेरिकी संग्राहकाने त्यांना नियमित आर्थिक आधार दिला. १९६०च्या दशकातच लंडनच्या टेट संग्रहालयाने त्यांचे चित्र घेतले. साखळीतील जवळजवळ प्रत्येक दुवा येथे आढळतो. सूझा स्वतः प्रभावी गद्यलेखक होते, हाही त्यांच्या बाजूचा एक घटक होता.

बाकरे यांना यांतील मोजकेच दुवे लाभले. त्यांची प्रदर्शने होत राहिली. कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये आणि पुढे निकोलस ट्रेडवेल यांच्या कलादालनात त्यांची कामे लोकांसमोर आली. काही कामे खासगी घरांत गेली. तथापि दीर्घकाळ पाठीशी उभा राहणारा एखादा संग्राहक किंवा सातत्याने लिहिणारा समीक्षक त्यांना मिळाला नाही. लंडनमध्ये उदरनिर्वाह करत शिल्पासाठी जागा, साहित्य आणि ओतकामाचा खर्च पेलणे अवघड होते. त्यामुळे बाकरे उत्तरोत्तर चित्रकलेकडे वळले. त्यांच्या चित्रांत धारदार कडा असलेले, एकमेकांत अडकलेले आणि घनतेचा भास देणारे आकार दिसतात. शिल्पकाराची दृष्टी त्यांत कायम आहे. माध्यम मात्र परिस्थितीने बदललेले आहे.

१९७५ साली बाकरे मायदेशी परतले आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णै येथे राहू लागले. (रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा हे गाव निराळे.) मुंबईच्या कलाव्यवहारापासूनही ते दूरच राहिले. लंडनमध्ये त्यांच्या अनुपस्थितीचा परिणाम लवकरच दिसला. १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत रशीद अराईन यांनी ‘दि अदर स्टोरी’ हे प्रदर्शन मांडले. युद्धोत्तर ब्रिटनमधील आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या उपेक्षित कलावंतांना त्यांचे स्थान मिळवून देणे हा त्याचा घोषित हेतू होता. त्यातील २४ कलावंतांमध्ये सूझा होते. जवळजवळ पाव शतक लंडनमध्ये काम केलेले बाकरे त्यात नव्हते. उपेक्षितांची नोंद घेण्यासाठी योजलेल्या यादीतही त्यांचे नाव आले नाही, यावरून त्यांच्यासंबंधीची नोंद किती विरळ झाली होती याची कल्पना येते.

४. पुनरागमन आणि बदललेली ओळख :

१९९०च्या दशकात आधुनिक भारतीय कलेचा आंतरराष्ट्रीय बाजार आकाराला आला. चेस्टर आणि डेव्हिडा हर्विट्झ या अमेरिकी दांपत्याच्या संग्रहातील कामांचा न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली सोदबीजने केलेला लिलाव हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय. या संग्रहाचा मोठा भाग नंतर मॅसॅच्युसेट्समधील पीबॉडी एसेक्स संग्रहालयाकडे गेला. २००५ साली तय्यब मेहता यांचे ‘महिषासुर’ न्यूयॉर्कच्या लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. मार्च २०२५मध्ये हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ या नावाने ओळखले जाणारे १९५४चे चित्र न्यूयॉर्कमध्ये सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला गेले. आधुनिक भारतीय चित्रासाठी त्या वेळपर्यंतचा तो विक्रम होता. १९५४ साली दिल्लीत नॉर्वेतील एका डॉक्टरने ते विकत घेतले होते आणि पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाकडे आले. चित्र ७० वर्षे लोकांच्या नजरेआड होते, परंतु मालकीच्या इतिहासात खंड नव्हता. विक्रमी किमतीमागे चित्राच्या गुणवत्तेबरोबर या अखंड नोंदीचाही वाटा होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

या भरतीबरोबर बाकरे यांचेही नाव वर आले. २००४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. ब्रिटनमधील घरांत पडून असलेली त्यांची कामे लंडन, न्यूयॉर्क आणि मुंबईच्या लिलावांत दिसू लागली. १८ डिसेंबर २००७ रोजी मुरूड-हर्णै येथे त्यांचे निधन झाले. २०१८-१९मध्ये न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपवर मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा सहा संस्थापकांमध्ये बाकरे यांनाही स्थान मिळाले.

हे पुनरागमन स्वागतार्ह असले, तरी त्याचे स्वरूप तपासून पाहणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की बाकरे यांचे नाव गटाच्या नावाबरोबर परतले. गटातील सूझा, रझा आणि हुसेन यांच्या किमती सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेल्यावर, ‘सहांपैकी एक’ म्हणून बाकरे यांच्याकडे लक्ष वळणे हे बाजाराच्या नियमाला धरून होते. दुसरी बाब अधिक मूलगामी आहे. लिलावात येणारी त्यांची बहुसंख्य कामे १९५० ते १९७०च्या दशकांतील चित्रे आहेत; शिल्पे त्या मानाने क्वचित दिसतात. परिणामी परदेशी संग्राहकांच्या नव्या पिढीच्या मनात ते प्रामुख्याने चित्रकार आहेत. गटातील एकमेव शिल्पकाराची कीर्ती परतली खरी, पण त्यातील शिल्पकार मागे राहिला. तिसरी बाब अशी की या नव्या संग्राहकांतील अनेक जण अमेरिका, ब्रिटन आणि आखाती देशांत राहणारे भारतीय वंशाचे लोक आहेत. बर्डवुड यांच्या काळातील ‘परदेशी’ आणि आजचा ‘परदेशी’ या दोन शब्दांचा आशय सारखा राहिलेला नाही. आजच्या संग्राहकाला कलाकृतीत ग्रीक सौष्ठव नको असते. त्याला सोडून आलेल्या देशाच्या आधुनिकतेचा पुरावा हवा असतो.

५. कायदा आणि प्रतींचा प्रश्न :

कीर्तीच्या या प्रवासावर कायद्याचाही परिणाम होतो. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षे पूर्ण झालेले शिल्प वा चित्र ‘पुरावस्तू’ ठरते व खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. याशिवाय नऊ कलावंतांच्या कामांना ‘कलानिधी’ म्हणून संरक्षण आहे; त्या नऊ जणांत मुख्यतः शिल्पकार म्हणून ओळखला जाणारा एकही नाही. ‘मंदिरपथगामिनी’ने १९९६च्या सुमारास शंभरी ओलांडली. म्हात्रे यांचे भारतातील ऐन उमेदीचे काम यापुढे परदेशी खासगी संग्रहात जाणे शक्य नाही. त्यांचे नाव बाहेर वाढायचे तर ग्रंथ आणि प्रदर्शने यांद्वारेच वाढेल. बाकरे यांची भारतात असलेली १९५१पूर्वीची शिल्पे येत्या काही दशकांत याच नियमाखाली येतील, तर त्यांची ब्रिटनमध्ये घडलेली व तेथेच राहिलेली कामे मोकळेपणाने फिरत राहतील. एकाच कलावंताच्या कामाचे असे दोन भाग पडले की परदेशात त्याची ओळख उत्तरार्धावरच बेतली जाते.

ब्राँझ शिल्पाच्या बाबतीत प्रतींचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एका साच्यातून अनेक प्रती निघू शकतात. फ्रान्समध्ये आठ क्रमांकित आणि चार कलावंताच्या अशा एकूण बारा प्रतींपर्यंतच ‘मूळ’ ब्राँझ मानण्याची प्रथा आहे. रोदँ यांनी १९१६ साली आपले काम व त्याचे हक्क फ्रेंच राष्ट्राला दिले, त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतरही अधिकृत प्रती काढणे व त्यांची मोजदाद ठेवणे शक्य झाले. आपल्याकडे अशी व्यवस्था सहसा नसते. किती प्रती ओतल्या, कोणत्या ओतशाळेत ओतल्या, शिल्पकाराच्या हयातीत की नंतर, याची लेखी नोंद नसेल तर सावध संग्राहक शिल्पाऐवजी चित्र घेणे पसंत करतो. बाकरे यांच्यासारख्या कलावंताची चित्रकार ही ओळख बळकट होण्यामागे हेही एक कारण संभवते.

या संदर्भात अनिश कपूर यांचे उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. १९५४ साली मुंबईत जन्मलेले कपूर १९७३ साली शिक्षणासाठी लंडनला गेले, म्हणजे बाकरे परतण्याच्या केवळ दोन वर्षे आधी. त्यांना लिसन गॅलरीची दीर्घकाळ साथ मिळाली, १९९० साली त्यांनी व्हेनिसमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले आणि १९९१ साली त्यांना टर्नर पुरस्कार मिळाला. दोघांच्या प्रतिभेची तुलना येथे अभिप्रेत नाही. परंतु एका पिढीच्या अंतराने लंडनमधील संस्था शिल्पकाराच्या पाठीशी कशा उभ्या राहू लागल्या आणि त्यामुळे कीर्तीचा पाया किती पक्का झाला, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

६. स्थानिक पातळीवरील कर्तव्य :

परदेशातील कीर्ती टिकविण्याचे काम मायदेशातील नोंदींपासून सुरू होते. विनायकराव करमरकर यांची शिल्पे अलिबागजवळील सासवणे येथे त्यांच्या राहत्या घराच्या परिसरात जपली गेली आहेत. गेट वे ऑफ इंडियासमोरील शिवछत्रपतींच्या १९६१ सालच्या अश्वारूढ पुतळ्याचे शिल्पकार सदाशिव ऊर्फ भाऊ साठे यांनी डोंबिवली येथे शिल्पालय उभारले. शिल्पकाराचे काम, साचे आणि छायाचित्रे एकत्र राहिली की भावी अभ्यासकाला त्याच्या कारकिर्दीचा सलग आलेख मांडता येतो. ‘शिल्पकार चरित्रकोशा’च्या दृश्यकला खंडाने मराठीत या दिशेने मोलाचे काम केले आहे.

महाविद्यालयेही यात सहभागी होऊ शकतात. परिसरातील चौक, शाळा, कारखाने आणि कार्यालये यांतील पुतळ्यांची शिल्पकाराचे नाव, माध्यम, उंची, वर्ष, ओतशाळा, स्वाक्षरीचे स्थान आणि चारही बाजूंची छायाचित्रे अशी नोंद करणे हा पदवी स्तरावरील सहज साध्य होणारा प्रकल्प आहे. अनेक पुतळ्यांच्या चौथऱ्यावर उद्घाटकाचे नाव ठळक असते आणि शिल्पकाराचे नाव आढळत नाही. ही उणीव भरून काढण्यास फार निधी लागत नाही.

निष्कर्ष :

परदेशी संग्राहकांमधील शिल्पकाराची कीर्ती ही एकरेषीय वाढ नसते. म्हात्रे यांचे नाव छायाचित्राच्या आधारे झपाट्याने पसरले आणि मापदंड बदलताच मागे पडले. बाकरे यांचे नाव लंडनमध्ये क्षीण झाले, गटाच्या पुण्याईवर परतले आणि परतताना शिल्पकाराचे चित्रकार झाले. दोन्ही उदाहरणांत कामाची गुणवत्ता स्थिर होती. समीक्षेची दृष्टी, मध्यस्थांची साथ, कायद्याची चौकट आणि नोंदींची उपलब्धता यांत फरक पडत गेला. लिलावातील किंमत हे या सर्व घटकांचे एकत्रित फलित असते. तिला कलावंताच्या श्रेष्ठतेचा अंतिम निवाडा मानणे योग्य ठरणार नाही. सहा संस्थापकांतील एकमेव शिल्पकार शिल्पकार म्हणून ओळखला जावा असे वाटत असेल, तर त्याची मुंबईत आणि कोकणात उरलेली शिल्पे शोधून त्यांची रीतसर सूची करणे हे मराठी अभ्यासकांपुढील तातडीचे काम आहे.